अडकलेल्या बटणाची दीडशे वर्षे

लॅपटॉपचे एखादे बटण अडकले की घरातले सगळे काम अडून बसते. अक्षर एकदा दाबावे तर पाचदा उमटते, नाही तर उमटतच नाही. दुरुस्तीवाला सांगतो, ‘अख्खा की-बोर्ड बदलावा लागेल.’ श्रोतेहो, हे दुखणे मात्र आजचे नाही.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स या वृत्तपत्र-संपादकाने सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने त्याचे सुधारलेले यंत्र बाजारात आणले. प्रत्येक बटणाला एक दांडी आणि दांडीच्या टोकाला अक्षर. बोटे भराभर चालली की दोन दांड्या एकमेकींत अडकत. अक्षर कागदावर खालच्या बाजूने उमटत असल्याने झालेला घोटाळा लगेच दिसतही नसे. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही अक्षरांची रचना दांड्या अडकू नयेत म्हणूनच केली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पुरते पटत नाही. इंग्रजीत सतत येणारी ई आणि आर ही जोडी तर शेजारी-शेजारीच आहे! तारायंत्र चालवणाऱ्यांच्या गरजांतून ही रचना घडत गेली, असे जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली मांडले.

आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९ पर्यंत ते उत्पादन चालू ठेवले. आम्ही टायपिंग क्लासला जायचो तेव्हा अडकलेल्या दांड्या बोटांनी अलगद कशा सोडवायच्या आणि ब्रशने अक्षरे कशी साफ करायची, हे सुरुवातीलाच शिकवले जाई. यंत्र उघडे होते. बिघाड डोळ्यांना दिसे, म्हणून हातालाही सापडे.

लॅपटॉपमध्ये दांड्या नाहीत. बहुतेक लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी प्लॅस्टिकची छोटी जोडी आणि मधोमध रबराची टोपी असते. बटण दाबले की टोपी दबते आणि खालच्या पातळ पडद्यातला विद्युतमार्ग जुळतो. मध्ये बिस्किटाचा कण किंवा चहाचा चिकट थेंब गेला की कात्री अडते.

उपाय घरी करता येतो. आधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. मग तो उलटा धरून हलकेच थोपटावा आणि मऊ ब्रश फिरवावा. तेवढ्याने भागले नाही, तर आपल्या मॉडेलचे बटण कोणत्या कडेने निघते ते पाहून पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने ते अलगद उचलावे. कापसाच्या काडीवर थोडेसे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चिकटा पुसावा, पूर्ण वाळू द्यावे आणि बटण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावे. स्पेसबारला मात्र खाली तारेचा आधार असतो, तो जपावा. भरपूर चहा सांडला असेल तर यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडेच न्यावे.

पण प्रत्येक यंत्र असे हात लावू देत नाही. ॲपलने २०१५ साली अतिशय पातळ ‘बटरफ्लाय’ की-बोर्ड आणला. त्यात धुळीचा कण गेला तरी बटण अडते, अशा तक्रारी आल्या. त्या यंत्रांत की-बोर्ड बदलायचा तर सोबतचा वरचा भाग, बॅटरीसकट, बदलावा लागे. कंपनीने २०१८ मध्ये मोफत दुरुस्ती योजना जाहीर केली, २०१९ पासून पुन्हा कात्रीची रचना आणायला सुरुवात केली आणि २०२२ साली अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती सहज दुरुस्त होतो याचे गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुकानात आपण वजन विचारतो, मेमरी विचारतो. आता आणखी एक प्रश्न विचारत जा : यातले एक बटण बिघडले, तर एकच बटण बदलता येईल का?