तापाची रजा

रविवारची सुट्टी म्हटली की नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. पण १८८४ साली मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांच्या अर्जात त्यांची आणखी एक मागणी होती, ती आपण विसरलो: कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. रविवार १८९० मध्ये मिळाला. जखमेच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

आणि साधा ताप? तो त्या अर्जातही नव्हता! तापानं घरी राहिलेल्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही, पगार कापला जाई. म्हणून माणसं अंगात कणकण घेऊनच भोंग्याला पळत. आजारपणाचा भत्ता देणारा राज्य विमा कायदा १९४८ चा; मुंबईत योजना आली १९५४ मध्ये. तिच्यातही पहिले दोन दिवस कोरडेच ठेवले होते, आणि साधा ताप बहुधा तेवढ्यातच उतरतो.