सीडी१९ : एका हट्टी प्रथिनाचा इतिहास

४ जून २०२१ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत, भारतात घडवलेल्या कार-टी पेशी प्रथमच एका रुग्णाला देण्यात आल्या. या पेशींची रचना आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत झाली होती. तेव्हापासून या उपचाराविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु या पेशी शरीरभर ज्याचा शोध घेत फिरतात, त्या सीडी१९ या प्रथिनाची कथा सहसा मागेच राहते.

१९८३ च्या सुमारास बोस्टनमध्ये ली नॅडलर आणि सहकाऱ्यांना ‘बी४’ नावाचे एक प्रतिपिंड मिळाले. ते रक्तातील बी-पेशींनाच चिकटे, इतरांना नाही. ज्या प्रथिनाला ते चिकटत होते, त्याला पुढे सीडी१९ हे नाव मिळाले. पेशीच्या पटलातून आरपार गेलेले हे ५५६ अमिनो आम्लांचे प्रथिन बी-पेशीच्या मुख्य ग्राहीचे जोडीदार म्हणून काम करते. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या बहुतेक रक्तकर्करोगांतही ते टिकून राहते. निरोगी बी-पेशी काही काळ नष्ट झाल्या तरी माणूस जगू शकतो. उपचाराचे लक्ष्य म्हणून सीडी१९ची निवड झाली ती यामुळे.

१९८८ मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि हे प्रथिन प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग खुला झाला. कृती ऐकायला सोपी आहे : जनुकाचा पेशीबाहेरील भागापुरता तुकडा घ्यायचा, त्याला प्रतिपिंडाचे शेपूट जोडायचे, तो मानवी पेशींच्या संवर्धनात सोडायचा आणि द्रवात स्रवलेले प्रथिन गाळून घ्यायचे. अनेक ग्राही या रीतीने मुकाट्याने तयार होतात. सीडी१९ मात्र हट्टी निघाले. ते नीट घडी घेईना, रेणू एकमेकांना चिकटून गोळे होत. कारण उलगडले ते थेट २०१८ मध्ये, क्ष-किरण स्फटिकशास्त्राने त्याची त्रिमितीय रचना दाखवली तेव्हा. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांप्रमाणे दोन स्वतंत्र घड्या असतील, असा सर्वांचा कयास होता. प्रत्यक्षात दोन्ही घड्यांनी आपापले भाग एकमेकींशी अदलाबदल करून एकच लांबट रचना उभी केली होती. अशा रेणूचा सोयीचा तुकडा तोडून वापरता येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? १९८९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांच्या गटाने प्रतिपिंडाचे टोक टी-पेशीच्या ग्राहीला जोडून दाखवले. सीडी१९साठी पुढे हे टोक बहुधा ‘एफएमसी६३’ या उंदराच्या प्रतिपिंडातून घेतले गेले. पण असा कृत्रिम ग्राही पेशीवर खरोखर उगवला आहे का, हे कसे ओळखायचे? उंदराचा अंश हुडकणारे रसायन वापरले, तर काहीतरी उगवले आहे एवढेच कळते. ते सीडी१९ला पकडते की नाही, हे कळत नाही. २०१३ मध्ये सीडी१९चा बाह्य भाग आणि प्रतिपिंडाचे शेपूट यांचे संयुक्त प्रथिन या तपासणीसाठी वापरल्याचा शोधनिबंध आला. त्याला चमकणारा रंग जोडला की सीडी१९ पकडू शकणाऱ्या पेशी एकेक करून मोजता येतात. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले हे प्रथिन रुग्णाच्या शरीरात कधीच जात नाही. तरी त्याच्यावाचून आपण नेमके काय बनवले, हे बनवणाऱ्यालाच कळणार नाही.

मुंबईच्या रचनेत या मोजमापाचे मोल अधिकच वाढते. तेथे उंदराच्या तुकड्याला शक्य तितके मानवी रूप दिले गेले. रुग्णाच्या प्रतिकारशक्तीने तो परका ठरवून या पेशींनाच मारू नये, हा त्यामागचा हेतू. साहजिकच उंदराचा अंश शोधणाऱ्या जुन्या चाचणीचा भरवसा येथे उरत नाही.

‘नेक्सकार१९’ या नावाने या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे अनावरण झाले. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आलेल्या चाचणीच्या अहवालात प्रतिसादाचे प्रमाण ७३ टक्के होते. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. येथील किंमत परदेशाच्या सुमारे एक दशांश सांगितली जाते. हा दशांशही सामान्य घराला घरदार विकायला लावणारा आहे, हे उत्सवी बातम्यांत विसरले जाते.

प्रथिनाचा हट्टही अजून संपलेला नाही. उपचारानंतर काही रुग्णांत कर्करोग परततो, तेव्हा त्याच्या पेशींवर सीडी१९ दिसतच नाही. फिलाडेल्फियातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की काही पेशी जनुकाचा दुसरा खंड गाळून प्रथिन बनवतात. कापलेले हे प्रथिन बहुतांशी पेशीच्या आतच अडकते, आणि पृष्ठभागावर त्याचा शोध घेणाऱ्या टी-पेशीला काहीच सापडत नाही. म्हणून आता अनेक प्रयोगशाळांत सीडी१९च्या कुपीशेजारी सीडी२२ची कुपीही ठेवलेली असते, आणि एकाच पेशीने दोन्ही लक्ष्ये ओळखावीत यासाठी प्रयोग चालू आहेत.