परका टोमॅटो, आपलं रोप

गणपती गेले, पावसाचा जोर उतरला. पेण-रोह्याकडे परसदारी भाजी लावायचे दिवस आले. म्हणून आज टोमॅटोची गोष्ट सांगते, आणि रोपाचीही. टोमॅटो परका असला, तरी रोप करायची विद्या आपली जुनी आहे.

आपल्या पणजीला आमटी आंबट करायची तर चिंच, आमसूल, कैरी नाहीतर बिंबल होतं. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या लोकांनी तो शेतात वाढवला. नावसुद्धा त्यांच्या ‘तोमात्ल’ या शब्दावरून आलं. पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची, काजू, पेरू आपल्याकडे आले, तसाच टोमॅटोही. हे पोर्तुगीज आपल्यापासून लांब नव्हते. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिथे १७४० पर्यंत त्यांचंच राज्य होतं. खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात.

मिरची लवकर घरची झाली. टोमॅटोला मात्र फार उशीर लागला. युरोपातही बरेच लोक त्याला विषारी समजत. जॉर्ज वॉट यांनी १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातल्या पिकांचा मोठा कोश छापला. त्यात नोंद आहे की टोमॅटो मुख्यतः साहेबलोकांसाठी लावतात, इथल्या लोकांना तो आत्ता कुठे आवडू लागला आहे.

त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, वेगळाच वाद चालला होता. तो होता भाताच्या रोपाचा. उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून आपण राब भाजतो. त्या धगीने तणाचं बी मरतं, राखेने रोपाला जोर येतो. पण फांद्या तोडल्याने रान उजाड होतं, असं जंगलखात्याचं म्हणणं. राब नाही तर भात नाही, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या अशा तक्रारी ऐकायला मुंबई सरकारने १८८५ मध्ये आयोग नेमला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. विचार करा, रोपाची जागा कशी तयार करायची यावर सरकारला आयोग बसवावा लागला! आणि त्या राबातलं रोप काढून चिखलात ओणवं राहून आवणी करणारे हात बहुतेक बायकांचेच होते.

तीच समज टोमॅटोला लागते. रोपाची जागा स्वच्छ हवी. कुंडीत किंवा वीतभर उंच गादीवाफ्यात माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी राख मिसळा. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. आठवडाभरात उगवतं. पाणी बेताचं द्या. ओल फार झाली की रोपं बुडाशी सडून कोलमडतात. पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होतं. लावण्याआधी चार दिवस पाणी कमी करा, म्हणजे ते काटक होतं.

इथे भात आणि टोमॅटोत फरक आहे. भाताचं रोप आपण चिखलात वरच्यावर रोवतो, टोमॅटोचं खोल लावायचं. खालची पानं काढून खोडाचा तेवढा भाग मातीत जाऊ द्या. त्या खोडालाही मुळं फुटतात. दुसरं, भाताला पाणी साचलेलं चालतं, टोमॅटोला नाही. लावणी संध्याकाळी करा, दोन रोपांत दीड-दोन हात अंतर ठेवा, काठीचा आधार द्या. टोमॅटो, वांगी आणि मिरची एकाच कुळातली. कोकणात त्यांना मर रोग लागतो, त्याचे जंतू मातीत राहतात. म्हणून जिथे गेल्या वर्षी वांगी होती, तिथे यंदा टोमॅटो नको.

एवढा खटाटोप कशाला? २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, आठवतं ना? इतर वेळी तोच टोमॅटो भाव नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर ओततात. भर पावसात आपल्या परसातही टोमॅटो नीट येत नाही, हे खरं. पण माघ-फाल्गुनात झाडं भरून येतात. त्यातले काही कापून पापडासारखे कडक उन्हात वाळवा. पूर्ण सुकले की कोरड्या बरणीत भरा, आमसुलासारखे आमटीत पडतील.

शेवटची गोष्ट बियाण्याची. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर पुढची झाडं तशीच निघत नाहीत. पुसा रुबी किंवा राहुरी कृषी विद्यापीठाचं धनश्री या सरळ वाणांचं बी मात्र धरता येतं. पिकलेल्या फळाचा गर दोन दिवस आंबवा, धुवा, बी सावलीत सुकवा. रोह्याजवळ किल्ल्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे वाणांची चौकशी करा. गटातल्या एकीने बी धरलं तर दहाजणींच्या दारात रोप जाईल.

भाताचं बी आपण पिढ्यान्‌पिढ्या कणगीत राखलं. या परक्या पाहुण्याचंही राखलं, तर तो खऱ्या अर्थाने घरचा होईल.