बचावाची दुसरी फळी

केळना नदीच्या कांठचें भोकरदन हें गांव मोठें प्राचीन. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो, आणि तें भोगवर्धन म्हणजेच हें भोकरदन, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. परंतु मराठी मनास या गांवाचें स्मरण व्हावें तें एका दुसऱ्याच कारणानें. १८०३ च्या सप्टेंबरांत दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा तळ याच नदीच्या उत्तर तीरीं, भोकरदनापासून असईपर्यंत पसरला होता. भोकरदनच्या अंगास घोडदळ आणि असईच्या अंगास कवायती पायदळ व शंभरांहून अधिक तोफा, अशी मांडणी होती. २३ सप्टेंबर रोजीं आर्थर वेलस्लीनें सुमारें साडेचार हजार कवायती सैन्यानिशीं पिंपळगांवाजवळ नदी उतरून ही फौज मोडली.

या पराभवाचीं कारणें सांगतांना कोणी फितुरीकडे बोट दाखवितो, कोणी शिंदे-होळकरांच्या दुहीकडे, तर कोणी इंग्रजांच्या कवायतीकडे. यांतील एकही कारण खोटें नाहीं. परंतु यांच्यामागें आणखी एक कारण उभें आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं. तें म्हणजे, राज्य राखणारी एक पिढी म्हातारी झाली तेव्हां तिच्या जागीं उभी राहील अशी दुसरी फळी कोणी तयार केली नव्हती.

एक आजकालचा दृष्टांत घेतों. फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल होऊं न देणारा मात्र मागेंच राहतो. बचावाची कला वयानें पिकणारी आहे. पाय मंदावले तरी नजर तयार असते, म्हणून जुन्या बचावपटूचा उणेपणा पुष्कळ दिवस झांकून जातो. आणि जेव्हां तो उघडा पडतो, तेव्हां उपाय करण्यास अवधि उरत नाहीं. इटलींतील मिलानच्या संघाकडे पाहावें. १९९७ मध्यें फ्रांको बारेसी निवृत्त झाला, तेव्हां त्याच्या शेजारीं बारा वर्षें खेळलेला पाओलो माल्दिनी तयार होता. माल्दिनी २००९ मध्यें, चाळिसाव्या वर्षीं, थांबला. २०११ मध्यें संघानें देशाचें अजिंक्यपद जिंकलें, आणि सर्व कांहीं ठीक चाललें आहे असें वाटलें. पण २०१२ च्या उन्हाळ्यांत नेस्तासारखे जुने खेळाडू एकदमच गेले, आणि ज्याच्यावर पुढची भिस्त ठेवावी तो थियागो सिल्वा पॅरिसच्या संघास विकला गेला. दोनच वर्षांत संघ आठव्या स्थानीं घसरला, आणि पुढचें अजिंक्यपद दिसण्यास २०२२ उजाडलें.

मराठ्यांस ही वारसदारीची विद्या मुळांतच अवगत नव्हती, असें म्हणतां येणार नाहीं. १७६१ त पानिपतावर एक अख्खी पिढी कापली गेली. तरी तीन वर्षांच्या आंत, १७६३ त, राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. थोरल्या माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा होतें. पण त्यांच्या हाताखालीं महादजी शिंदे, नाना फडणीस, हरिपंत फडके हीं माणसें घडत गेलीं. हे कोणी आयते सांपडलेले नव्हते. मोहिमेवर, दप्तरांत आणि वाटाघाटींत वडीलधाऱ्यांच्या शेजारीं उभें राहून, चुका करीत व सुधारीत ते शिकले. म्हणूनच १७७२ त माधवराव अकालीं गेले, तरी राज्य उभें राहिलें.

याच पिढीनें मात्र पुढें आपल्यामागें कोण, हा प्रश्न सोडविला नाहीं. १७९५ च्या मार्चांत खर्ड्यास निजामाचा पराभव झाला, तेव्हां मराठी सत्तेचा दबदबा वरकरणी पूर्वीइतकाच दिसत होता. पण त्या विजयांत पुढें असलेले बहुतेक पुढारी पन्नाशी ओलांडलेले होते, आणि त्यांच्या बरोबरीचे कित्येक आधींच गेले होते. महादजी व हरिपंत १७९४ त गेले. खर्ड्यानंतर कांहीं महिन्यांतच अहिल्याबाई व तरुण सवाई माधवराव निवर्तले. मागोमाग शिंद्यांचा अनुभवी सेनानी जिवबादादा बक्षी, १७९७ त तुकोजी होळकर, १७९९ त परशुरामभाऊ पटवर्धन आणि १३ मार्च १८०० रोजीं नाना फडणीस, असे एकेक खांब पडत गेले. सहा वर्षांत सारी फळी रिकामी झाली.

यांत दौलतरावास दोष देणें सर्वांत सोपें आहे. तो दोषी होताही. पण महादजी वारले तेव्हां तो पंधरा वर्षांच्या आंतबाहेरचा पोर होता. नानांस त्यानें कैद केलें, सर्जेराव घाटग्याच्या नादीं लागला, महादजींच्या विधवांशीं कलह मांडला, आणि त्या कलहांत लखबादादा लाडासारखा जुना, लढवय्या माणूस विरोधी पक्षांत ढकलला गेला. जे थोडे अनुभवी उरले होते ते अशा रीतीनें त्यानें स्वतःच दवडले. तथापि मुळाचा विचार करतां दोषाचा मोठा वांटा खुद्द महादजींच्या पदरीं येतो, हें कटु असलें तरी सांगितलें पाहिजे. द बॉयन या कर्तबगार परदेशीयाकडून त्यांनीं कवायती कंपू उभारले, आणि १७९० त पाटण व मेडता येथें त्यांनीं जय मिळविले. परंतु त्या कंपूंचें अधिपत्य पेलतील असे मराठी अंमलदार तयार करण्याची व्यवस्था झाली नाहीं. १७९५ च्या अखेरीस द बॉयन निघाला, तेव्हां त्याच्या जागीं आला तो पेराँ, म्हणजे पुनः परदेशीयच.

याचा हिशेब १८०३ त चुकता झाला. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यास अनुसरून शिंद्यांकडील इंग्रज अंमलदार चाकरी सोडून गेले. सप्टेंबरांत उत्तरेकडे खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. असईवर कवायती पायदळाची सूत्रें पोलमान या हानोवरच्या माणसाच्या हातीं होतीं. वेलस्ली बगलेवर येत आहे असें पाहून त्यानें सारी फळी काटकोनांत फिरवून नवी आघाडी धरली. हें काम कच्च्या सैन्याचें नव्हे. तोफखान्याचे गोलंदाज तर तोफांशेजारींच मेले, आणि मेल्याचें सोंग घेऊन पडलेल्या कांहींनीं पुढें गेलेल्या इंग्रजांवर पाठीमागून पुनः तोफा डागल्या. इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. शिपायांत उणें नव्हतें. उणें होतें तें त्यांना सांभाळून घेणाऱ्या मधल्या माणसांत. दोघेही राजे लढाईच्या आरंभींच रणांतून निघून गेले, आणि त्यांच्या जागीं उभें राहून भोकरदनकडचें घोडदळ व असईकडचें पायदळ एका हुकुमांत बांधील असा कोणीही नव्हता.

समोर काय होतें? इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सर्व अंमलदार पडले किंवा घायाळ झाले. घोडदळाचा नायक मॅक्सवेल ठार झाला. तरी सैन्य थांबलें नाहीं. वरचा पडला कीं खालचा त्याची जागा घेई, आणि ती कोणी घ्यावयाची हें आधींच ठरलेलें असे. यांत इंग्रजांच्या रक्ताचा कांहीं चमत्कार नव्हता. ती केवळ एक व्यवस्था होती, आणि व्यवस्था कोणासही करतां येते.

कोणी म्हणेल कीं, दुसरी फळी असती तरी होळकर अलग राहिले असते, आणि वसईचा तह झालाच होता. हें खरें आहे. एका असईचा निकाल फिरला असता असें माझेंही म्हणणें नाहीं. परंतु पानिपतानंतर पराभव पचवून पुनः उठण्याची जी शक्ति दिसली, ती असईनंतर दिसली नाहीं. नोव्हेंबरांत लासवारी व अडगांव, डिसेंबरांत गाविलगड, आणि ३० डिसेंबरास सुर्जी अंजनगांवचा तह, इतक्या वेगानें सर्व आटोपलें. पानिपताहून ही हानि लहान होती. पण त्या वेळीं मागें माणसें होतीं, या वेळीं नव्हतीं.

वृद्ध रक्षकास त्याच्या हयातींतच वारस शोधण्यास सांगणें अवघड जातें. त्यास तो आपला अपमान वाटतो, आणि इतरांस ती कृतघ्नता वाटते. महादजींस किंवा नानांस हें कोण सांगणार होतें? परंतु जो आपली जागा घेणारा आपल्या डोळ्यांदेखत घडवितो, त्याचेंच काम त्याच्यामागें टिकतें. केळनेच्या कांठीं मेलेल्या त्या गोलंदाजांस आपला धनी कोठें गेला हें ठाऊक नव्हतें. आपली जागा सोडावयाची नाहीं, एवढेंच ठाऊक होतें. त्यांच्या मागें कोण उभें राहणार, याची चिंता ज्यांनीं वाहावयाची, त्यांनीं ती वेळेवर वाहिली नाहीं.