लांडगा म्हणवणारा मुलगा

परवा नातीशी फोनवर बोलत होते. ती मानसशास्त्र शिकते. बोलता बोलता तिने 'स्पिशीज डिस्फोरिया' असा शब्द वापरला. मी विचारलं, म्हणजे काय गं? म्हणाली, "आजी, काहींना मनापासून वाटतं की आपण माणूस नाही, प्राणी आहोत. हे शरीर आपलं नाही." मी हसले. चांगली मोठ्याने हसले. पलीकडे ती गप्प झाली. मग एवढंच म्हणाली, "माझ्या ओळखीची आहे एक तशी."

ते हसू मला तेव्हापासून टोचतंय. जन्मभर इतिहास शिकवला, आणि ही गोष्ट नवी नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं.

सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने स्वतःला लांडगा समजणाऱ्यांचं वर्णन केलं आहे. त्याने त्याला मनाचा आजार मानलं आणि उपचार सांगितले. पुढे युरोप हे विसरला. 1589 साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गला पेटर श्टुम्प नावाच्या माणसाने, छळाच्या भीतीने, आपण लांडगा होऊन माणसं मारल्याचं कबूल केलं. त्याला चाकावर बांधून हाडं मोडली, शिर उडवलं, धड जाळलं. त्याच्या मुलीलाही जाळलं.

त्यानंतर अवघ्या 14 वर्षांनी, 1603 मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोच्या उच्च न्यायालयापुढे ज्याँ ग्रेनिये हा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोरगा उभा राहिला. आपण लांडगा होतो, मुलं खाल्ली, असं तो आपणहून सांगत होता. खालच्या कोर्टाने देहदंड दिला होता. वरच्या न्यायाधीशांनी त्याचं वय पाहिलं, मंद बुद्धी पाहिली, झालेली आबाळ पाहिली, आणि त्याला जन्मभर मठात ठेवायला सांगितलं. 1610 मध्ये द लांक्र नावाचा न्यायाधीश त्याला भेटून आला. हा गृहस्थ स्वतः चेटकिणींना जाळणारा! त्याने लिहिलंय, मुलगा अजूनही हातापायांवर धावतो, लांडगे बघायला त्याला आवडतं. म्हणजे बरा झाला नव्हता. पण जिवंत होता, आणि डोक्यावर छप्पर होतं.

मला यातून एक उमगलं. 'तू लांडगा आहेस' हे मान्य करणं वेगळं, आणि तुला सांभाळणं वेगळं. दुसऱ्यासाठी पहिलं लागत नाही.

आता तिसरा प्रश्न, शस्त्रक्रियेचा. अमेरिकेत डेनिस अव्हनर (1958 ते 2012) याने वाघासारखं दिसण्यासाठी अंगभर पट्टे गोंदवून घेतले, ओठ, कान, दात बदलून घेतले. स्कॉटलंडमध्ये फॉलकर्कला रॉबर्ट स्मिथ या सर्जनने 1997 आणि 1999 मध्ये दोघांचे निरोगी पाय त्यांच्याच आग्रहावरून कापले. बातमी फुटल्यावर रुग्णालयाने पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. स्मिथ म्हणे, ही माणसं फार दुःखात आहेत. विरोधक म्हणत, कापलेलं परत येत नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही मला पटतं.

काही जण लगेच म्हणतील, मग लिंगबदलाचंही तसंच! नाही हो. तिथे अनेक दशकांचा अनुभव आहे, 1979 पासून डॉक्टरांचे लिखित निकष आहेत, आणि 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो मानसिक आजार राहिलेला नाही. माणसाचा प्राणी करणारं वैद्यक मात्र अस्तित्वातच नाही. जे देता येत नाही त्याचं आश्वासन डॉक्टरने देऊ नये. पण 'आमच्याकडे औषध नाही' म्हणून दारही लावू नये. ऐकून घ्यावं, झोप, भूक, एकटेपणा विचारावा, जीव सांभाळावा. एकाची चेष्टा करायला दुसऱ्याला तर मुळीच वापरू नये.

चारशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशांना एवढं कळलं. मला फोनवर नाही कळलं.

काल नातीला पुन्हा फोन लावला. म्हटलं, तुझ्या त्या ओळखीच्या मुलीला दिवाळीत घरी घेऊन ये. ती काय म्हणते ते ऐकेन, हसणार नाही. चकल्या मात्र तिला माणसांसारख्याच खाव्या लागतील. यावर नात हसली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.