कोल्हापूर प्रकरण आणि परमुलखाचें न्यायासन

वृत्तपत्रकाराच्या हातीं दुसऱ्याचे गुप्त कागद आले म्हणजे त्यानें काय करावें, हा प्रश्न मराठी वाचकांस नवा नाहीं. केसरी व मराठा हीं पत्रें १८८१ च्या जानेवारींत निघालीं, आणि वर्ष पुरें होतें न होतें तोंच हा प्रश्न त्यांच्या दारांत येऊन उभा राहिला. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी हे दत्तक आलेले तरुण राजे. त्यांस वेड लागलें आहे असें सरकारी गोटांतून सांगण्यांत येई. त्यांचा छळ चालला आहे असें लोक म्हणत. अशा वेळीं दिवाण माधवराव बर्वे यांचीं म्हणून कांहीं पत्रें पुण्यांत फिरूं लागलीं, आणि तीं खरीं असतील तर दिवाणसाहेबच महाराजांच्या वाईटावर आहेत असें म्हणणें प्राप्त होतें. टिळक व आगरकर यांनीं तीं खरीं मानिलीं व आपापल्या पत्रांत कडक लेख लिहिले. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली, तरी फिर्याद कायम राहिली. आणि जुलै १८८२ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत दोघांसहि चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरांत सुटले.

ही कथा आपल्याकडे बहुधा सुटकेनंतरच्या सत्कारापाशीं संपते, आणि सांगणाराहि खूष, ऐकणाराहि खूष, असें होतें. पण तिच्यांतील अवघड भाग सत्कारांत नाहीं. पत्रें खोटीं होतीं, म्हणजे बर्वे यांच्यावर अन्याय झाला हें निर्विवाद आहे. दुसऱ्या बाजूस, लोकांची जी मूळ काळजी ती मात्र निराधार नव्हती. १८८३ च्या डिसेंबरांत, अहमदनगरास नजरेखालीं असतां, एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. म्हणजे पुरावा बनावट, पण शंका वाजवी. ज्याच्या हातीं गुप्त कागद येतो त्यास बहुतेक वेळां याच पेचांतून वाट काढावी लागते, आणि कागद देणारा आपला हेतु कधींच सांगत नाहीं.

आमच्या मतें या खटल्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे, तो चालला कोठें? आमच्या वारज्यावरून जो महामार्ग जातो तो धरून निघालें तर कोल्हापूर आज कांहीं तासांच्या अंतरावर आहे, आणि वाटेंत कोणी कोणास अडवीत नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूर हें संस्थान होतें. १९४९ च्या मार्चांत तें मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तेथील राज्यकारभार वेगळा होता. आतां अशी कल्पना करावी कीं, दरबारानें मागणी केली असती, ‘आमच्या दिवाणाची बदनामी झाली आहे, तरी हे दोघे संपादक आमच्या स्वाधीन करा,’ आणि इंग्रज सरकारनें ती मान्य केली असती. मग ज्या दिवाणाविरुद्ध लिहिलें त्याच्याच अंमलाखालील न्यायाधीशापुढें टिळक-आगरकरांस उभें राहावें लागलें असतें. प्रत्यक्षांत त्यांचा न्याय जेथें छापलें त्याच मुलखांत, ज्या कायद्याखालीं ते राहत होते त्याच कायद्यानें झाला. शिक्षा झाली, पण त्या कायद्यांत सार्वजनिक हितासाठीं खरें बोलणें हा बचाव होता. पत्रें अस्सल निघतीं तर आरोपी मानानें घरीं जाते.

गुप्ततेच्या कायद्याची जात याच्या अगदीं उलट आहे. तेथें कागद जितका खरा तितका अपराध मोठा. कलकत्त्याच्या अमृतबझार पत्रिकेनें १८८९ च्या ऑक्टोबरांत काश्मीरविषयक एक गुप्त सरकारी टिपण छापलें, आणि त्याच महिन्यांत हिंदुस्थानाचा पहिला सरकारी गुपितांचा कायदा मंजूर झाला. संस्थानिकांचीहि अशीच सोय लागली. १९१० च्या छापखान्याच्या कायद्यांत त्यांच्याविषयीं अप्रीति उत्पन्न करणें दंडनीय होतें. तो कायदा १९२२ सालीं रद्द झाला. लगेच त्यांच्या संरक्षणासाठीं निराळें बिल आलें, तें विधिमंडळांतील लोकपक्षानें दाखलहि करूं दिलें नाहीं, तेव्हां व्हाइसरॉय रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारांत तें कायद्याच्या रूपास आणिलें. आपल्या प्रजेनें काय वाचावें हें ठरविण्यावर न थांबतां शेजारच्या मुलखांतील संपादकानें काय लिहावें हेंहि आपणच ठरवावें, ही सत्तेची हांव जुनी आहे.

हाच धागा समुद्रापार नेला म्हणजे आरोपींच्या हस्तांतरणाचा प्रश्न उभा राहतो. साम्राज्याच्या एका भागांतून दुसऱ्या भागांत आरोपी पाठविण्यासाठीं १८८१ चा ब्रिटिश कायदा होता, त्यांत राजकीय अपराध्यास वगळण्याची तरतूद नव्हती. परक्या राष्ट्रांत मात्र तशी सवलत पाळण्याचा प्रघात होता. म्हणूनच १९१० सालीं लंडनांत धरलेले विनायकराव सावरकर जहाज मार्सेलिसला लागतांच खिडकींतून निसटून फ्रान्सच्या भूमीवर पोहोंचले, तेव्हां त्या कांहीं मिनिटांस एवढें महत्त्व आलें. हेगच्या लवादानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं त्यांस ब्रिटिशांच्याच ताब्यांत राहूं दिलें. सावरकरांवरील आरोप वृत्तपत्री स्वरूपाचे नव्हते, हें येथें स्पष्ट म्हटलें पाहिजे. छापण्यासाठीं काळें पाणी भोगलें तें त्यांचे वडील बंधु बाबाराव यांनीं, १९०९ सालीं, कवितांच्या एका पुस्तिकेपायीं.

आमच्या काळांत ज्युलियन असांज यांच्या खटल्यांत हे सर्व धागे एकत्र आले. हा गृहस्थ ऑस्ट्रेलियाचा. एका अमेरिकन सैनिकाकडून मिळालेले इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांचे व वकिलातींचे कागद त्यानें २०१० पासून प्रसिद्ध केले तें अमेरिकेबाहेरून. अमेरिकेनें अठरा आरोप ठेविले, त्यांपैकीं सतरा १९१७ च्या हेरगिरीच्या कायद्याखालीं. इंग्लंड व अमेरिका यांच्या तहांत राजकीय अपराध वगळलेला आहे. पण इंग्लंडच्या २००३ च्या कायद्यांत तें कलम नाहीं, आणि १८८१ ची उणीव पुन्हां तेथेंच उभी राहिली. खालच्या न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें पाठवणी नाकारली ती केवळ प्रकृतीच्या कारणास्तव. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मुद्दा मान्य केला नाहीं. तोहि निकाल वरच्या कोर्टांत फिरला. मे २०२४ मध्यें अपिलाची परवानगी मिळाली तेव्हां एक प्रश्न मात्र नेमका पुढें आला: परदेशी मनुष्यास अमेरिकेच्या कायद्यानें शिक्षा करावयाची, तर त्याच अमेरिकेच्या घटनेंतील मुद्रणस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास मिळणार कीं नाहीं? आमच्या कोल्हापूरच्या कल्पनेंतील भीति ती हीच. त्या प्रश्नाचें उत्तर मिळालेंच नाहीं. जूनमध्यें सायपान बेटावर त्यांनीं एका आरोपाची कबुली दिली व ते सुटले. लंडनच्या बेलमार्श तुरुंगांत तोंवर १९०१ दिवस गेले होते, आणि त्यांपैकीं बहुतेक दिवस कोणत्याहि शिक्षेचे नसून केवळ पाठवणीच्या वाटेकडे डोळे लावण्याचे होते.

असांज यांच्यावर एक आक्षेप गंभीर आहे. २०११ सालीं वकिलातींचे कागद नांवें न गाळतां बाहेर आले, आणि माहिती देणाऱ्या अनेक दुर्बळ माणसांचा जीव धोक्यांत आला असें म्हणतात. त्याचा जाब त्यांस अवश्य विचारावा. बर्व्यांनींहि आगरकर-टिळकांस विचारलाच होता. परंतु जाब विचारणें वेगळें आणि ज्याचें गुपित फुटलें त्याच्याच अंगणांत, खरेंपणाचा किंवा लोकहिताचा बचाव बंद करून, प्रसिद्धकास उभें करणें वेगळें. पहिल्यानें संपादक सावध होतो. दुसऱ्यानें तो गप्प बसतो.

आपल्या घरचीहि गोष्ट पाहावी. १९६२ च्या आपल्या प्रत्यर्पण कायद्यांत राजकीय स्वरूपाच्या अपराधासाठीं कोणास परत देऊं नये असें कलम आहे, ही समाधानाची बाब. पण सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा इंग्रजांच्या हातचा. त्यांत गुप्त कागद घेणाऱ्यावरहि आरोप येऊं शकतो, आणि लोकहिताचा बचाव नाहीं. २००५ च्या माहितीच्या अधिकारानें त्याची धार कांहींशी बोथट केली. राफेल विमानांच्या खरेदीचे कागद वृत्तपत्रांत आले तेव्हां ते चोरीचे आहेत म्हणून न्यायालयानें पाहूं नयेत, असें सरकारनें म्हटलें. १० एप्रिल २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो आक्षेप फेटाळला व कागद विचारांत घेतले. मूळ कायद्याचीं कलमें त्यानंतरहि जशींच्या तशीं आहेत.