‘मामा’ या शब्दाची साक्ष

लग्नघटिका जवळ आली, की आपल्याकडे भटजी नवरीच्या मामाला हाक मारतात आणि मामा भाचीला घेऊन मांडवात येतो. त्या वेळी ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, हे तेथल्या लहान पोरालाही सांगावे लागत नाही. परंतु हाच शब्द काकेशस पर्वताच्या दक्षिणेस, तिब्लिसी शहरात उच्चारला तर त्याचा अर्थ ‘बाप’ होतो. जॉर्जियन भाषेत बापाला ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिलीत मामा म्हणजे आई. चिनी भाषेतही आई. दक्षिण अमेरिकेच्या पहाडांतील केचुआ भाषेतही आईच, आणि तेथील लोकांची भूमाता ती ‘पाचामामा’. या चार भाषांचे एकमेकींशी अथवा मराठीशी कुळाचे नाते सिद्ध झालेले नाही. मग एकच शब्द एवढ्या घरांत कसा शिरला?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. 2 फेब्रुवारी 1786 रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. त्यांचा आधार धातू आणि व्याकरणाची रूपे हा होता. दोनचार शब्दांचे ध्वनिसाम्य नव्हे. पुढे मात्र अर्धवट विद्वानांनी सोपी वाट धरली. शब्द सारखा, म्हणून भाषा एक. भाषा एक, म्हणून रक्तही एक! भाषेवरून वंश ठरवू नका, असे मॅक्सम्युल्लर यांनी 1888 साली बजावले. ते कोणी मनावर घेतले नाही. ‘आर्य’ या भाषाविषयक शब्दाला रक्ताचा अर्थ चिकटवून जर्मनीत 1933 ते 1945 या काळात काय घडले, हे जगाने पाहिले आहे. म्हणून शब्दाची साक्ष काढताना उलटतपासणी करावी, असे आम्ही म्हणतो.

ती तपासणी ‘मामा’च्या बाबतीत झालेली आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगातील नाना समाजांतून आईबापांसाठी वापरले जाणारे 1,072 शब्द गोळा केले. आईच्या शब्दांपैकी शेकडा 55 शब्दांत म, न यांसारखी अनुनासिके आढळली. बापाच्या शब्दांत हेच प्रमाण शेकडा 15 भरले. रोमान याकोबसन यांनी 1960 च्या सुमारास त्याचे कारण सांगितले. मूल अंगावर पीत असते तेव्हा त्याचे तोंड मिटलेले असते व हुंकार नाकावाटे निघतो. तोच ‘म’ पुढे दुधाची, मग अन्नाची आणि अखेर ते देणारीची खूण बनतो. आपल्याकडे भाताचा घास भरवताना ‘मंमं’ म्हणतात. जपानी बाळाचे जेवणही ‘मांमा’च असते. यात कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. बाळाचे ओठ सर्वत्र सारखे, एवढेच.

ध्वनी बाळाचा खरा, परंतु अर्थ थोरांचा. त्या हुंकाराचा मालक कोण, हे ज्या त्या समाजाने ठरविले. जॉर्जियन लोकांनी तो बापाला दिला आणि त्यावरून ‘मामुली’ हा शब्द घडविला. त्याचा अर्थ वडिलोपार्जित भूमी! आपल्या ‘मामुली’शी त्याचा काडीचाही संबंध नाही, आपला शब्द अरबीतून आला. त्यांची मातृभाषा मात्र ‘देदा एना’. याच नावाचे गोगेबाश्विली यांचे बालबोध पुस्तक 1876 साली निघाले.

आता घरात येऊ. तमिळमध्येही मामा म्हणजे आईचा भाऊ. एवढ्यावरून मराठी व तमिळ यांचे नाते जुळवू नये, हे वरील विवेचनावरून उघड आहे. परंतु एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जुन्या वळणाच्या मराठी घरात सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणे आणि सासूला ‘आत्याबाई’. तमिळमध्येही सासऱ्याला मामा या शब्दानेच संबोधतात. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या समाजात आहे, तेथे नवरीची सासू तिची आत्या असते आणि जावयाचा सासरा त्याचा मामा. आत्याच्या यजमानांनाही अनेक मराठी घरांत मामाच म्हणतात. उत्तरेत अशा विवाहाला सामान्यतः मज्जाव, दक्षिणेत तो इष्ट. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर उभा आहे, हे इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

येथे साक्ष पालटते. ‘मामा’ हा ध्वनी आपल्या पूर्वजांविषयी काहीच सांगत नाही. ‘मामंजी’ हा वापर मात्र पुष्कळ सांगतो: आपले शेजारी कोण होते, कोणाच्या चालीरीती आपण आपल्याशा केल्या, आपले मांडव कोणत्या नात्यांनी बांधले गेले. आज ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ या हाका घराघरांतून मावळत आहेत. ज्या घरांत त्या अजून कोणाच्या स्मरणात असतील, तेथे त्या कोण कोणाला मारीत असे, हे विचारून टिपून ठेवावे. कुळाचा अभिमान मिरविण्यासाठी ध्वनी शोधणारे पुष्कळ आहेत. इतिहासाला असा नेमका वापर टिपणारे हवे आहेत.